भुशाच्या फळीचा जमाखर्च

ज्या वस्तूंवर आपण निजतो, बसतो, लिहितो आणि जेवतो, त्यांचे आयुष्य आपल्या आयुष्याहून दीर्घ असावे की भाडेकराराच्या मुदतीइतकेच असावे, हा प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीला सुचलाही नसता. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या शहरांतून घरोघरी जे स्वस्त, चकचकीत आणि अल्पजीवी फर्निचर शिरले आहे, त्याने हा प्रश्न केवळ अभिरुचीचा न ठेवता अरण्याचा, हवेचा आणि जमिनीचा करून सोडला आहे. या विषयावर माझ्या घरी दोन माणसांत जो दीर्घ संवाद झाला, तो येथे शक्य तितका यथातथ्य मांडीत आहे. त्यांपैकी एक माझे थोरले बंधू. ते वनखात्यात नोकरीस होते, आणि त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाहच्या लाकूड-आगारात सागाच्या ओंडक्यांची मोजणी, प्रतवारी आणि लिलाव यांत गेला. दुसरी माझी कन्या. ती फळ्यांचे फर्निचर बनविणाऱ्या एका कंपनीत कच्च्या मालाची खरेदी पाहते, आणि बदली झाल्यामुळे हिंजवडीतील भाड्याची जागा सोडून बंगळूरला जाण्याच्या तयारीत होती. तिचे कपाट, पलंग आणि मेज यांची वासलात कशी लावावयाची, एवढ्या साध्या विचारणेतून बोलणे निघाले. नात्याने दोघे काका-पुतणी, म्हणून त्यांचा निर्देशही तसाच करतो.

काका : फाटकापाशी आलेल्या भंगारवाल्याला मी तुझे कपाट दाखविले, तेव्हा त्याने काय केले ते तू पाहिलेच आहेस. बिजागऱ्या, कड्या आणि कपडे टांगण्याची लोखंडी दांडी एवढे त्याने उकलून घेतले, वजन केले, पैसे हातावर ठेवले आणि फळ्या भिंतीला टेकवून तो निघाला. मी हटकले, तर म्हणाला, ‘साहेब, ह्याला पुढं कुणी घेत नाही, टेम्पोचं भाडंसुद्धा सुटत नाही.’ लोखंड, पत्रा, रद्दी, बाटल्या, इतकेच काय, पाडलेल्या वाड्याची किडकी सागवानी तुळईसुद्धा ज्या बाजारात किंमत पावते, त्या बाजाराने तुझ्या कपाटाला कवडीचेही मोल दिले नाही. हा बाजार भावनेवर चालत नाही. ज्या वस्तूत पुढील उपयोगाचा अंश शिल्लक आहे तिला तो दमडी तरी देतोच. चार वर्षांपूर्वी तू हजारो रुपये मोजून घेतलेल्या वस्तूत तो अंश उरलेलाच नाही, असा त्याचा निवाडा आहे.

पुतणी : निवाडा मला मान्य आहे, काका, पण त्यावरून तुम्ही सगळा दोष भुशाच्या फळीच्या माथी मारू पाहता, ते मान्य नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात मला मेज, खुर्ची, पलंग आणि कपाट घेता आले ते याच फळीमुळे. तुमच्या आठवणीतले शिसवी पलंग आणि सागवानी कपाटे खरी आहेत, परंतु ती कोणाच्या घरी होती? गिरणगावातील चाळींच्या एकेका खोलीत अख्खे बिऱ्हाड, वर गावाकडून आलेली माणसे. त्या संसारात पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि भिंतीतील खुंटी यांपलीकडे लाकूडसामान ते काय होते? तिथल्या मुलांनी मांडीवर वही घेऊन अभ्यास केले. आज त्यांच्या नातीला बसून लिहिण्यासाठी स्वतःचे मेज मिळते, ते स्वस्त आहे म्हणूनच मिळते. शिवाय अकरा महिन्यांचे करार, दोन-तीन वर्षांनी बदलणारी शहरे, चौथ्या मजल्यावरची खोली. सागाचे कपाट पाठीशी बांधून या नोकऱ्यांच्या मागे कोणाला धावता येईल?

काका : गिरणगावच्या मुद्द्यापुढे मी मान तुकवितो. परंतु त्यातूनच माझा आक्षेप अधिक कठोर होतो. ज्याच्यापाशी द्रव्य आहे त्याची वस्तू मोडली तर तो दुसरी आणील. ज्याच्यापाशी नाही, त्याचीच वस्तू अधिक टिकली पाहिजे, आणि आजचा व्यवहार नेमका उलटा आहे. फिरतीचे म्हणशील, तर वनखात्यात आम्ही आयुष्यभर बदल्याच भोगल्या. तुझ्या काकूच्या माहेरचा पलंग आलापल्लीपासून चंद्रपूरपर्यंत आमच्याबरोबर हिंडला. पाय आणि पट्ट्या निरनिराळ्या, पट्टीचे कुसू पायाच्या खाचेत बसायचे, वरून पाचर ठोकायची. निघताना पाचर काढली की अर्ध्या तासात पलंगाच्या मोळ्या बांधून ट्रकवर चढत. उकलून नेता येणारे फर्निचर ही काही तुमच्या कंपन्यांनी लावलेली नवी युक्ती नव्हे.

पुतणी : ते मलाही ठाऊक आहे. पण तो पलंग ज्या सागाचा होता, त्या सागाचाही हिशेब मांडावा लागेल. १८७८ च्या वन-कायद्याने सरकारने ज्या अरण्यांवर आपला हक्क बसविला, त्यांतून रेल्वेची स्लीपरे गेली, साहेबांचे बंगले सजले, आणि ज्यांच्या पिढ्या त्या रानात नांदल्या होत्या त्यांना लाकडासाठी परवानगी मागण्याची पाळी आली. सागाचे झाड कापण्याजोगे व्हायला नैसर्गिक रानात साठ-ऐंशी वर्षे लागतात. आपल्या देशातील प्रत्येक विद्यार्थ्याला, प्रत्येक नव्या जोडप्याला सागवानी सामान द्यावयाचे ठरविले, तर गडचिरोलीचे रान किती दिवस पुरेल? आमच्या कारखान्यात येणारे लाकूड रानातले नसतेच. हरियाणातल्या यमुनानगरला जा. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशचे शेतकरी गव्हाच्या शेतात पॉप्लर लावतात, सहा-सात वर्षांत तोडतात आणि ट्रॅक्टर भरून बाजारात आणतात. केरळात रबराचे झाड पंचवीस-तीस वर्षांनी चिकाला निकामी झाले की पूर्वी सरपणाला जाई, ते आता फळीला जाते. उसाच्या चिपाडाचीसुद्धा फळी होते. ही फळी मुळात निघाली ती जर्मनीत, युद्धाच्या काळात, लाकडाच्या दुर्भिक्षातून. माक्स हिमेलहेबर नावाच्या ज्या संशोधकाकडे तिचे श्रेय जाते, त्याचा हेतूच असा होता की आरागिरणीत जो भुसा, ज्या ढलप्या आणि जे तुकडे फुकट जातात ते सांधून त्यांचे लाकूड करावे. याच माणसाने पुढे १९७१ साली निसर्गाच्या विध्वंसाविषयी सावध करणारे एक विचारपर नियतकालिक चालविण्यात पुढाकार घेतला. अशा माणसाच्या शोधाला पर्यावरणाचा वैरी म्हणणे हा अन्याय आहे.

येथे माझे बंधू काही वेळ बोलले नाहीत. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेला आदेश त्यांच्या नोकरीच्या काळातला होता. मंजूर कार्य-आयोजनेवाचून कोणत्याही रानात कुऱ्हाड चालू नये असा तो हुकूम निघाला, त्यानंतर विनापरवाना आरागिरण्यांना टाळी लागली, आणि शेतातल्या झाडांवर चालणाऱ्या फळ्यांच्या धंद्याला जो बहर आला त्याला १९८८ च्या वन-धोरणाइतकाच हा आदेशही कारणीभूत झाला. म्हणजे रान वाचविण्यात या फळीचा काही वाटा आहे, हे माझ्या बंधूंइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असेल. त्यांनी ते नाकारले नाही. मात्र त्यांचा पुढचा प्रश्न मला या सबंध संवादाचा गाभा वाटला.

काका : काटकसर फळीत झाली हे मी मानतो. पण ती काटकसर कपाटात का टिकली नाही? हिमेलहेबरने तुकडे वाचविले, आणि तुम्ही ते वाचविलेले तुकडे चार वर्षांत उकिरड्यावर नेलेत. माझा हिशेब साधा आहे. कोरड्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो, आणि तो झाडाने हवेतून घेतलेला असतो. वस्तू वापरात आहे तोवर तो तिच्यात बांधलेला राहतो. तेव्हा वस्तूने निदान एवढे तरी जगावे, की तिच्यासाठी तोडलेल्या झाडाच्या जागी लावलेले झाड तेवढेच वाढावे. सागाच्या पलंगाने साठ वर्षे काढली पाहिजेत. आमच्या पलंगाने काढली. तुझ्या पॉप्लरच्या कपाटाकडून मी साठ मागत नाही, सात मागतो. ते चारच वर्षांत मेले. त्याच्या जागचे झाड अजून शेतात अर्धवट उभे आहे.

पुतणी : हा हिशेब मी कबूल करते. आणि कपाट कसे मेले तेही सांगते, कारण ते माझ्याच धंद्यातले आहे. घरातील नळाच्या गळतीने खालच्या फळीची कड भिजली. वरून मेलामाइनचा कागद होता, कडेला पट्टी होती. पण पट्टीच्या सांध्यातून पाणी आत गेले, आतला भुसा फुगला, आणि एकदा फुगलेली फळी वाळली तरी मूळ जाडीवर येत नाही, कारण भुशाचे कण एकमेकांना धरून ठेवणारा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद दमट उष्ण हवेत हळूहळू सुटतो. त्याआधी मी एकदा घर बदलले होते. सांध्यांना मिनिफिक्स असतात. फळीत बारीक आट्याचा खिळा फिरवून बसवायचा, चकतीने आवळायचा. पहिल्यांदा घट्ट बसतो. दुसऱ्यांदा भोकाच्या कडेचा भुसा गळतो, तिसऱ्यांदा खिळा नुसताच फिरतो. सागाच्या कुसवाला दहा वेळा काढले तरी लाकूड लाकडाला धरते. भुशाला धरायला तंतूच उरलेले नसतात.

काका : म्हणजे उकलण्यासाठी बनविलेली वस्तू उकलली की मरते!

पुतणी : अशी बनविली तर मरते. उपाय नाही असे नाही. फळीतल्या भोकात धातूचे आटे आधीच बसविले, तर स्क्रू त्या आट्यात फिरतो, भुशात नव्हे, आणि कपाट कितीही वेळा उकलता येते. त्यांचे दरपत्रक माझ्यापुढे दर हंगामात येते. एका कपाटामागे फार थोडा खर्च वाढतो. ते दर वेळी नामंजूर होते, कारण दुकानात दोन कपाटे शेजारी उभी असतात तेव्हा गिऱ्हाईक चिठ्ठीवरची किंमत पाहते, भोकातला आटा त्याला दिसत नाही.

मी येथे माझे मत नोंदवून ठेवतो. कपाटाच्या आयुष्याचा निर्णय लाकडाने घेतला नव्हता, हवामानाने घेतला नव्हता, गोरगरिबांच्या गरजेनेही घेतला नव्हता. तो काही रुपयांच्या एका बाबीवर, एका टेबलावर झाला होता, आणि त्याची झळ कोणाला बसावयाची तेही त्याच टेबलावर ठरले होते. पुढील बोलण्यात माझी सहानुभूती कोठे होती ते वाचकांना यावरून कळेल.

काका : त्या गोंदाविषयी मी वाचले आहे. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला मनुष्याला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले.

पुतणी : खरे आहे. म्हणूनच कमी वायू सोडणाऱ्या फळ्यांच्या प्रती निघाल्या आहेत, आणि चांगला कारखाना त्या वापरतो. खिडक्या उघड्या ठेवल्या तर घरातले प्रमाण उतरते. मला अधिक भीती वाटते ती फळी टाकल्यानंतरची. थंडीच्या दिवसांत आमच्या सोसायटीचे पहारेकरी शेकोटीत याच फळ्या जाळतात. गोंद, कागद आणि मेलामाइन यांचा धूर अंगावर घेत रात्र काढतात. त्यांना कोणी सांगितलेले नाही की हे सरपण नव्हे.

काका : आणि जे जळत नाही ते गाडले जाते. पुण्याचा कचरा किती वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी सोसला! त्यांच्या विहिरी नासल्या, माश्यांनी घरे भरली. त्यांनी रस्ते अडविले तेव्हा कोठे शहराला आपण काय टाकतो याची आठवण झाली. अमेरिकेचे उदाहरण मोठे आहे, म्हणून सांगतो. तेथील सरकारी गणनेप्रमाणे १९६० साली फर्निचर आणि गृहसजावटीच्या वस्तूंचा कचरा २२ लाख टन होता. २०१८ साली तो १ कोटी २१ लाख टन झाला, आणि त्यातला सुमारे ८० टक्के सरळ जमिनीत पुरला गेला. तेवढ्या काळात त्यांची लोकसंख्या दुप्पटही झालेली नाही. आपण त्या वाटेच्या तोंडाशी उभे आहोत.

पुतणी : पण जमिनीत पुरणे ही त्या फळीची अटळ गती नव्हे. इटलीतले फळ्यांचे कारखाने मोठ्या प्रमाणात वापरून टाकलेल्या लाकडावरच चालतात. आपल्याकडे भंगारवाला फळी नेत नाही, कारण ती विकत घेणारा पलीकडे कोणी उभा नाही. फ्रान्सने २०१२ पासून फर्निचर बनविणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर जुन्या सामानाची जबाबदारी टाकली. प्रत्येक खुर्चीच्या पावतीवर तिच्या अखेरच्या विल्हेवाटीची रक्कम निराळी दाखविली जाते, आणि त्या पैशातून जुने सामान गोळा होते. आपल्या देशात हीच जबाबदारी प्लॅस्टिक, इलेक्ट्रॉनिक वस्तू, बॅटऱ्या आणि टायर यांच्या उत्पादकांवर आहे. फर्निचर त्या यादीत नाही.

काका : सरकारी कचेरीत जडवस्तू संग्रह नोंदवही असते, तुला ठाऊक आहे काय? प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर रंगाने क्रमांक घातलेला, त्या क्रमांकापुढे खरेदीची तारीख, किंमत, दुरुस्ती, आणि अखेर निर्लेखनाचा आदेश व लिलावाची रक्कम. त्या नोंदवहीला आम्ही कंटाळत असू. वर्षअखेरीस खुर्च्या मोजणे म्हणजे शिक्षाच वाटे. पण तिच्यामुळे कोणतीही वस्तू कोणाच्याही नकळत नाहीशी होऊ शकत नसे, आणि मोडक्या खुर्चीचे निर्लेखन मागण्यापेक्षा सुतार बोलावणे अधिक सोयीचे पडे. मामलेदार कचेरीतली मेजे तीन-तीन पिढ्यांच्या कारकुनांनी वापरली ती नुसती साग होती म्हणून नव्हे.

पुतणी : सुतार स्वस्त होता म्हणूनही. त्याचे नाव तुम्ही घेतलेत, म्हणून विचारते : ज्या सुताराने आजोबांचे फडताळ तीनदा सांधून दिले, त्याला काय मिळाले? सुगीला खळ्यावरचे बलुते. त्याच्या रंध्याला, पटाशीला, डोळ्याने काटकोन पाहणाऱ्या त्याच्या नजरेला जर योग्य दाम द्यावे लागले असते, तर तेव्हाही दुरुस्ती इतकी सोपी वाटली नसती. आज मिस्त्री दिवसाची हजेरी मागतो, ती माझ्या कपाटाच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडते. आणि तो ती मागतो हे योग्यच आहे.

हा आघात माझ्या बंधूंना लागला, आणि तो लागावयास हवाही होता. जुन्या वस्तूंच्या दीर्घायुष्याचे गोडवे गाताना त्या आयुष्याची किंमत कोणाच्या अल्प मजुरीतून चुकती झाली, हे आपण सहसा विचारीत नाही. त्यांनी उत्तर देण्याची घाई केली नाही.

काका : योग्य आहे. मग आज ती मजुरी पुरती द्यावी, आणि वस्तू त्या मजुरीच्या लायकीची करावी. ज्या कपाटाची दुरुस्ती शक्यच नाही, त्याच्याकडे सुताराला बोलावून त्याचा दिवसही फुकट जातो. माझी मागणी एवढीच आहे की कपाटाची एक फळी फुगली तर ती एकच फळी विकत मिळावी. बाकीचे कपाट धडधाकट असताना सबंध कपाट टाकावे लागते, हा काय न्याय?

पुतणी : सुटे भाग द्यावेत, हे मान्य. फ्रान्ससारखी वर्गणीही घ्यावी. पण ती सरसकट घेतली, तर विद्यार्थ्याचे मेज तेवढ्याने महाग होईल आणि धनवंताला तिचा भारही जाणवणार नाही. म्हणून जी कंपनी अधिक वर्षांची हमी देईल तिच्यावर कमी वर्गणी बसवावी. म्हणजे टिकाऊ वस्तू करणाऱ्याला काही लाभ होईल.

काका : हमी! तुझ्या कपाटाच्या हमीपत्रावर काय लिहिले होते? मी चष्मा लावून वाचले आहे. पाणी, ओल आणि वाळवी यांमुळे झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही. ज्या मुलखात जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला पाझर फुटतात, कोकणात तर कापडाच्या गाठोड्याला बुरशी येते, तेथे ओलीचा अपवाद घालून दिलेली हमी नेमकी कोणत्या आपत्तीपासून रक्षण करते?

पुतणी : ते कलम प्रत्येक कंपनी घालते, कारण पहिली जी घालणार नाही तिच्यावर साऱ्या तक्रारी येऊन पडतील. पण एक गोष्ट करता येईल. पार्टिकल बोर्डाच्या भारतीय मानकात फळीचा तुकडा दोन तास पाण्यात बुडवून त्याची जाडी किती टक्के वाढते, हे मोजण्याची कसोटी आहे. तो आकडा प्रत्येक मालाबरोबर आमच्या खरेदी विभागात येतो. मी त्यावरूनच माल घेते किंवा परत करते. तो फक्त गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही. पंख्यावर आणि फ्रिजवर विजेचे तारे छापतात, तसा कपाटाच्या दारावर हा आकडा आणि ते किती वेळा उकलून पुन्हा जोडता येते, एवढे दोनच तपशील छापणे सक्तीचे केले, तर शेजारी उभ्या असलेल्या दोन कपाटांत काय फरक आहे ते खेड्यातून आलेल्या मुलालाही कळेल, आणि आट्यांचे माझे दरपत्रक नामंजूर करणे आमच्या कंपनीला जड जाईल.

काका : हे कोणी करावयाचे?

पुतणी : भारतीय मानक ब्यूरो. नव्या मानकांचे आणि दुरुस्त्यांचे मसुदे ते लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध करतात. धंद्यातल्या कंपन्या अभिप्राय पाठवितात, मुदतीच्या आत, सविस्तर. गिऱ्हाइकांकडून फारच थोडे येतात.

काका : मग त्या मानकाचा क्रमांक मला लिहून दे. आणि तुझी कसोटीची आकडेमोड जरा समजावून सांग. अर्ज लिहिण्याचा सराव मला आहे, पण दोन तासांत फळी किती फुगली की ती आपल्या पावसाळ्याला अपात्र ठरवावी, हे मला तुझ्याकडूनच शिकावे लागेल.